मागणे आणि उपकारस्तुती

ख्रिस्ती माणसाला प्रार्थनेविषयी दोन गोष्टी लहानपणापासून शिकवल्या जातात: मागत राहा, खचू नकोस, आणि सर्व स्थितीत देवाचे उपकार मान. रविवारच्या उपासनेत या दोन्ही गोष्टी इतक्या सहज लागोपाठ येतात की त्यांच्यात काही विरोध असेल असे कोणाच्या मनात येत नाही. पण विरोध आहे. जो मागतो त्याला काही तरी उणे आहे. ते उणे त्याने विसरू नये, रोज नव्याने देवापुढे मांडावे, असे चिकाटी सांगते. उपकारस्तुती त्याला मिळालेल्याकडे बघायला लावते. एकाच मनाने गाऱ्हाणेही घालायचे आणि धन्यवादही द्यायचे, हे कसे जमावे? बहुतेक वेळा याचे उत्तर काळाची वाटणी करून दिले जाते: मिळेपर्यंत विनवणी, मिळाल्यावर उपकारस्तुती. ही वाटणी सोयीची आहे, पण माझ्या मते ती शुभवर्तमानाला धरून नाही, आणि तिच्यामुळे प्रार्थनेची दोन्ही अंगे बिघडतात. उपकारस्तुतीवाचून केलेली चिकाटी हळूहळू देवावरची जबरदस्ती होते. चिकाटीवाचून केलेली उपकारस्तुती हळूहळू अन्यायाला दिलेली संमती होते. दोन्ही एकाच प्रार्थनेत असतील तेव्हाच ती प्रार्थना ख्रिस्ती म्हणावी.

तेलंगणातल्या आपल्या भैंसा परिसरात हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राच्या वर्गातला राहत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हे गाव नांदेड जिल्ह्यात होते. मग ते आदिलाबादमध्ये गेले आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. राज्ये आणि जिल्हे बदलले, पण इथली मराठी, इथली काळी जमीन आणि आभाळाकडे लागलेले डोळे बदलले नाहीत. कापूस आणि सोयाबीन यांवर ज्याचे वर्ष निघते त्याला मृग कोरडा गेला की दुबार पेरणीचे कर्ज समोर दिसू लागते. अशा माणसाला मागायला शिकवावे लागत नाही. मागण्याच्या दोन जुन्या रीती त्याला ठाऊकच असतात. एक नवस: काम झाले तर अमुक वाहीन. दुसरी धरणे: धनको जसा ऋणकोच्या दारात उपाशी बसून त्याला भाग पाडतो, तसे देवाच्या दारात बसायचे. या दोन्हींमागची आर्तता खरी असते, तिला हिणवण्याचे काही कारण नाही. तुकोबांनी इंद्रायणीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काढले, ही कथा मराठी मनाला आजही हलवते. आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ना. वा. टिळक मानत. प्रश्न आर्ततेचा नाही, मांडणीचा आहे. नवसात आभार ही पुढची, अटीवरची देणी असतात. धरण्यात मागणे हा दबाव असतो. ख्रिस्ती मंडळीतली चिकाटी नकळत यांपैकी एका साच्यात उतरू शकते: चाळीस दिवस उपास केला म्हणजे देवाला द्यावेच लागेल, किंवा मुलगी बरी झाली तर मंडळीला अमुक दान देईन. येशूचे नाव घेतल्याने हा साचा बदलत नाही.

तो कशाने बदलतो, हे लूककृत शुभवर्तमानात शेजारी शेजारी आलेल्या तीन प्रसंगांतून दिसते. सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी दुरून हाका मारून दया मागतात. दहाही बरे होतात, पण एकच जण, तोही परका समजला गेलेला शोमरोनी, मागे वळून देवाचे गौरव करतो आणि येशूच्या पायांवर पडतो. उरलेल्या नऊ जणांच्या विनवणीत खोट नव्हती. ती ऐकलीही गेली. पण काम झाल्यावर त्यांचा देणाऱ्याशी संबंध उरला नाही. अठराव्या अध्यायाच्या सुरुवातीला न्यायाधीशाच्या मागे लागणारी विधवा येते. तिला न्याय हवा आहे, आणि तो मिळेपर्यंत ती त्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही. हा दाखला पुष्कळदा उलटा वाचला जातो, जणू देवही त्या न्यायाधीशासारखा टाळाटाळ करणारा असून त्याला कंटाळा आणून वळवायचा आहे. येशूचा युक्तिवाद नेमका विरुद्ध आहे. कोणाचीही पर्वा न करणारा माणूससुद्धा अखेर न्याय देतो, तर रात्रंदिवस हाक मारणाऱ्या आपल्या लोकांना देव कसा विसरेल, असा तो प्रश्न आहे. विधवेने चिकाटी धरली ती न्यायाधीश वाईट होता म्हणून. आपण धरायची ती देव चांगला आहे म्हणून. त्या चांगुलपणावरचा भरवसा म्हणजेच उपकारबुद्धी, आणि ती मागण्याच्या आधीच मनात असावी लागते.

याच दाखल्याला लागून परूशी आणि जकातदार यांचा दाखला आहे, आणि त्यात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. परूश्याची प्रार्थना ही उपकारस्तुती आहे. तो देवाचे आभार मानतो, आपण इतरांसारखे नाही म्हणून. त्या प्रार्थनेत मागणे एकही नाही. त्याला काहीच कमी नाही, निदान तसे त्याला वाटते. जकातदार मात्र फक्त मागतो, आणि तोच नीतिमान ठरून घरी जातो. हे तीन प्रसंग एकत्र वाचले की लूकच्या मनातले चित्र स्पष्ट होते. नऊ कुष्ठरोग्यांजवळ मागणे होते, आभार नव्हते. परूश्याजवळ आभार होते, मागणे नव्हते. दोघांच्याही प्रार्थनेत देव बाजूला पडला: तिथे मिळालेल्या वस्तूमुळे, इथे मिरवलेल्या पुण्याईमुळे. ज्याला आपल्या उणेपणाची जाणीव नाही त्याचे आभार आत्मप्रौढी होतात. ज्याला देणारा दिसत नाही त्याची विनवणी केवळ गरजेपुरती उरते.

पवित्र शास्त्रातली इतर उदाहरणे याच बाजूने साक्ष देतात. दानीएलाला मारण्यासाठी राजाज्ञा निघाली, ती निघाल्याचे त्याला कळले, आणि तरी तो दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून विनंतीही करत होता आणि उपकारही मानत होता. सिंहांच्या गुहेतून सुटका अजून झाली नव्हती. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे. किती काळ, असे पुन्हा पुन्हा विचारत ते सुरू होते आणि देवाने केलेल्या उपकारांच्या गाण्यावर संपते, मध्ये परिस्थिती बदलल्याचा एक शब्दही नाही. हन्नेचे उदाहरण माझ्या विरोधात मांडता येईल, कारण तिने तर मूल झाले तर ते देवाला वाहीन असा नवसच केला होता. पण शमुवेलाचे पहिले पुस्तक सांगते की प्रार्थना करून ती उठली, जेवली आणि तिच्या चेहऱ्यावरचे दुःख गेले. गर्भ राहण्याच्या आधीच. नवसाचा साचा तिच्या हातात होता, पण तिची शांती नवस फळण्यावर थांबून राहिली नाही. आणि सर्वांत मोठे उदाहरण स्वतः येशूचे आहे. त्या अखेरच्या रात्री त्याने भाकर आणि प्याला हातात घेऊन उपकारस्तुती केली, आणि काही तासांतच गेथशेमाने बागेत तेच मागणे तीनदा मागितले. ज्या रात्री त्याने उपकार मानले त्याच रात्री त्याची विनंती नाकारली गेली. प्रभुभोजनाच्या मेजापाशी मंडळी आजही याच क्रमात उभी राहते.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो येशूच्याच शब्दांवर उभा आहे. आपल्याला काय हवे ते मागण्यापूर्वीच पित्याला माहीत असते, आणि पुष्कळ बोलल्याने ऐकले जाते ही समजूत चुकीची आहे, असे डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. मग चिकाटी कशाला? या प्रश्नाला ऑगस्टीनने दिलेले उत्तर मला अजूनही सर्वांत समाधानकारक वाटते. ४१० मध्ये रोम लुटले गेल्यावर प्रोबा नावाची एक श्रीमंत विधवा आफ्रिकेत आश्रयाला आली होती. कशी प्रार्थना करावी, असे तिने विचारले, त्यावर ऑगस्टीनने तिला दीर्घ पत्र लिहिले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: देवाला माहिती पुरवण्यासाठी आपण मागत नाही, मागता मागता आपली इच्छा कसाला लागते, मोठी होते आणि देव जे देऊ पाहतो ते घेण्याजोगी होते. यात मी एवढीच भर घालीन की इच्छा नुसत्या मागण्याने मोठी होत नाही. नुसते मागत राहिले तर ती एकाच वस्तूवर अडून बसते आणि अधिकच लहान होते. रोजच्या मागण्याशेजारी रोजचे उपकार मोजले जातात तेव्हा मागणाऱ्याला आपल्या मागणीपलीकडचेही दिसू लागते. गेथशेमानेत तीनदा तेच शब्द उच्चारले गेले, म्हणजे पुनरुक्ती हा दोष नाही. दोष आहे तो शब्दांच्या संख्येवर भरवसा ठेवण्यात.

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो. १८७२ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी असा हिशेब मांडला की राजघराण्यांच्या दीर्घायुष्यासाठी सगळा देश प्रार्थना करतो, तरी राजे इतरांपेक्षा जास्त जगत नाहीत. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांची पाहणी झाली. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही हे ज्यांना निश्चित माहीत नव्हते त्यांच्यात, प्रार्थना होवो न होवो, गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. प्रार्थना नक्की होणार असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात ते ५९ टक्के, म्हणजे उलट थोडे जास्तच होते. श्रद्धावंतांनी हे निष्कर्ष झटकून टाकू नयेत. प्रार्थना हे ठराविक मात्रेत दिले की गुण येणारे औषध आहे असा दावा कोणी करत असेल, तर तो या अभ्यासाने खोडला आहे, आणि ते चांगलेच झाले. आजार हटवण्याच्या सभांमधून गरिबांना असली हमी देणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत. पण ज्या प्रार्थनेबद्दल मी बोलतो आहे तिची परीक्षा या मार्गाने होत नाही, कारण ती परिणामाच्या अटीवर उभीच नाही. जिच्यात उपकारस्तुती आधीपासून मिसळलेली आहे ती प्रार्थना देवाशी असलेल्या नात्याचा भाग आहे. ती मागते, मनापासून मागते, आणि उत्तराचे स्वातंत्र्य देवाकडे ठेवते. धरण्यात हेच स्वातंत्र्य नाकारलेले असते.

हे सारे पुस्तकी वाटत असेल तर पंडिता रमाबाईंचे आयुष्य पाहावे. सन १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण गेली. त्याआधी या कुटुंबाने तीर्थयात्रा, पुराणपठण, दाने, व्रते, उपास यांत काही कमी केले नव्हते, असे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. चिकाटी म्हणजे काय हे त्यांना ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी माहीत होते, आणि तिचे फळ न मिळणे म्हणजे काय हेही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला धर्म सापडला, ख्रिस्त मात्र त्यानंतर आठेक वर्षांनी सापडला, असे त्या सांगत. त्यांच्या शारदा सदन या संस्थेला अमेरिकेतल्या मित्रमंडळाचा दहा वर्षांचा आधार होता. तो संपत आला तेव्हा त्यांनी ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, चीनमधील हडसन टेलर आणि जॉन पॅटन यांची चरित्रे वाचून केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवायचे ठरवले. लगेच १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना व विधवांना घेऊन आल्या; पुढच्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या, आणि १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्ती सदनात सुमारे दोन हजार जीव होते.

यावर कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे, की केडगावचे धान्य आकाशातून पडले नाही. रमाबाई अहवाल छापत, देशोदेशी पत्रे जात, 'मुक्ती प्रेअर बेल' हे पत्रक निघे, ते वाचून लोक पैसे पाठवत. मग उत्तर देवाने दिले की वाचकांनी? मला हा प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवणारा वाटतो. ख्रिस्ती उपकारस्तुती मधल्या हातांना पुसून टाकत नाही. ती त्यांच्यामधून देवाकडे जाते. केडगावात प्रार्थनेच्या शेजारी शेती होती, हातमाग होते, छापखाना होता, अंध मुलींसाठी ब्रेल होती. ज्या मुली मागायला शिकल्या त्याच काम करायलाही शिकल्या. मागणे आणि उपकार मानणे यांची जोडी जमली की मधल्या जागेत मेहनत आपोआप येते: हवे आहे म्हणून माणूस स्वस्थ बसत नाही, आणि मिळाले आहे म्हणून हातातले वाया घालवत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले त्याला सर्व स्थितीत उपकार मान असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे नाही का? तेलंगणातली आणि मराठवाड्यातली मोठी ख्रिस्ती मंडळी ज्या समाजांतून आली आहे त्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि चिकाटीपासून तोडलेली उपकारस्तुती खरोखरच तशी क्रूर होते. म्हणून तर तिला तोडता कामा नये. ज्या विधवेला येशूने प्रार्थनेचा धडा म्हणून निवडले ती समाधानी बाई नव्हती. ती न्याय मागत होती. हबक्कूकच्या पुस्तकाच्या अखेरीस अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी प्रभूच्या ठायी आनंद करीन, अशा आशयाचे गीत आहे, आणि कोरड्या सालात ते अनेकांना आधार देते. पण त्याच पुस्तकाची सुरुवात हिंसा आणि वाकलेला न्याय यांविरुद्ध देवापुढे केलेल्या उघड तक्रारीने होते. तक्रार गाळून शेवटचे गीत तेवढे गरिबाच्या हाती देण्याचा अधिकार कोणत्याही पाळकाला नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातला पौल चौदा रात्री वादळात सापडलेल्या जहाजावर सर्वांसमोर भाकर घेऊन देवाचे आभार मानतो. पण त्याच्या थोडेच आधी, खलाशी होडी घेऊन पळू पाहत होते तेव्हा त्याने शिपायांना सावध करून तो डाव हाणून पाडला होता. आभाराने त्याला निष्क्रिय केले नाही. आपल्याजवळच्या मेदकचे कॅथीड्रलही याचीच साक्ष देते. चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांनी दुष्काळात नुसता शिधा वाटण्याऐवजी बांधकाम काढून लोकांना काम आणि अन्न दिले, आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी ते मंदिर अर्पण झाले. तिथल्या उपकारस्तुतीत भुकेची आठवण आणि मजुरी दोन्ही आहेत.

शेवटचा आक्षेप आक्षेपापेक्षा दुःख अधिक आहे: ज्यांना मिळालेच नाही त्यांचे काय? दुष्काळात वाचलेल्यांनी आभार मानले; मेलेल्यांच्या तोंडून कोण बोलणार? याचे नीटनेटके उत्तर ख्रिस्ती विश्वासाजवळ आहे असे मी म्हणणार नाही. पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवणी केली; काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढेच त्याला कळले. रमाबाईंनी जिच्या हाती मुक्तीचे काम सोपवायचे ठरवले होते ती एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी गेली. रमाबाईंना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचे, अनेक वर्षे चाललेले काम त्यांनी ५ एप्रिल १९२२ च्या आपल्या मृत्यूपूर्वी तडीस नेले. मुलगी परत मिळाली नाही म्हणून त्यांनी देवाशी बोलणे थांबवले नाही, आणि बोलणे चालू होते म्हणून दुःख झाकलेही नाही. न मिळालेल्याचा हिशेब देवाच्या हाती उघडा ठेवून मिळालेल्याचे उपकार मानणे यापेक्षा मोठा दावा प्रार्थनेने करू नये, आणि याहून लहान दाव्यावर तिने समाधानही मानू नये.

म्हणून आपल्या मंडळ्यांना एक विनंती. प्रार्थनासभेत साक्षीची वेळ आली की ज्यांचे काम झाले तेच उभे राहतात, आणि ज्यांचे झाले नाही ते मागच्या रांगेत मान खाली घालून बसतात. कधी कधी त्यांना विश्वास कमी पडला असेही ऐकावे लागते. ही रीत मोडावी. ज्याचा आजार हटलेला नाही, ज्याचे कर्ज फिटलेले नाही, ज्याच्या मुलाला नोकरी नाही, त्यालाही साक्षीला उभे करावे. त्याने आपल्याजवळ काय आहे त्याबद्दल देवाचे उपकार मानावेत आणि काय नाही ते पुन्हा मोकळेपणाने मागावे. मंडळीने त्याची विनंती जुनी झाली म्हणून वगळू नये, आणि जिथे आपला हात पोचतो तिथे त्याच्या प्रार्थनेचे उत्तर आपणच व्हावे.